संशोधकाचे दप्तर आणि एकतर्फी पुरावा

मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमविण्याचे कार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली आपला पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्रात चालू आहे. या कार्यात पडलेल्या मंडळींनी माळ्यावरचे, बळदातले, देवघरातले आणि प्रसंगी रद्दीच्या दुकानातले रुमाल सोडवून लक्षावधी कागद वाचविले. परंतु ज्यांनी हे कागद वाचविले त्यांच्या स्वतःच्या कागदांचे काय, हा प्रश्न आपल्या संग्राहकवर्गात अद्यापि गौण समजला जातो. १८१८ च्या अलीकडचा कागद सहसा साधन म्हणून गणला जात नाही. आणि संशोधकाची टिपणे, आलेली पत्रे, कच्चे खर्डे, रोजनिशा हे तर त्याच्या घरच्यांचे खासगी सामान, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत इतिहासाला किती महाग पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचाराचे निमित्त एका ग्रंथाचे आहे. शिकागो विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक दीपेश चक्रवर्ती यांनी २०१५ साली सर यदुनाथ सरकार यांच्यावर ‘द कॉलिंग ऑफ हिस्टरी’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे यदुनाथांचे रूढ अर्थाने चरित्र नव्हे. हिंदुस्थानात इतिहास-संशोधन हा स्वतंत्र व्यवसाय कसा निर्माण झाला, पुरावा कशास म्हणावे, तो कोणी कोणास दाखवावा, या गोष्टींवरून त्या वेळी कोणते वाद झाले, त्यांचा तो इतिहास आहे. म्हणजे इतिहासकारांचाच इतिहास आहे. त्याचा कणा आहे यदुनाथ आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा परस्परांशी इंग्रजीतून झालेला पत्रव्यवहार. या दोघांचा स्नेह विसाव्या शतकाच्या आरंभी जडला व तो सुमारे अर्धशतक टिकला. यदुनाथ १९५८ साली वारले, रियासतकार १९५९ साली. पत्रांतील काही भाग हरिराम गुप्त यांनी १९५७-५८ मध्येच छापून काढला होता. यदुनाथांचा संग्रह त्यांच्या पश्चात् कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला व तेथे ही पत्रे अभ्यासकांस पाहावयास मिळू लागली.

ग्रंथाचे गुण आरंभीच सांगितले पाहिजेत. दोन वृद्ध विद्वान प्रवासाचे बेत, प्रकृतीच्या तक्रारी, घरातील शोक आणि फारसी अखबारातील एखाद्या तारखेचा घोळ हे सर्व एकाच पत्रात लिहितात. त्या पत्रांतून त्यांची विद्या त्यांच्या आयुष्यापासून वेगळी काढता येत नाही, हे चक्रवर्तींनी उत्तम दाखविले आहे. छापील ग्रंथात निर्णय असतो. पत्रात तो निर्णय होण्यापूर्वीची चलबिचल असते. रियासतकारांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापून काढले, हे आपण सर्व जाणतो. परंतु कोणता कागद निवडावा, कोणता सोडावा, एखाद्या तारखेविषयी शंका आल्यास कोणास विचारावे, ही जी रोजची घालमेल, ती छापील भागांच्या प्रस्तावनांत मावत नाही. ती पत्रांतच सापडते. एवढ्या एका गोष्टीसाठीही संशोधकाचे खासगी कागद राखले पाहिजेत, हे या ग्रंथाने सिद्ध केले आहे.

तथापि मराठी वाचकाने हा ग्रंथ वाचताना एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. पेशवे दप्तर खुले करण्यावरून जो वाद माजला, त्यास दोन बाजू होत्या. एका बाजूस यदुनाथ व रियासतकार. सरकारी ऐतिहासिक कागदपत्र आयोगात यदुनाथांचा शब्द वजनदार होता. दुसऱ्या बाजूस पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ. ज्या मंडळींनी घरोघर हिंडून, पदरमोड करून साधने जमविली होती, त्यांस आपल्याच गावातील पेशव्यांचे दप्तर पाहण्यास मोकळीक नाही आणि ते काम मात्र बाहेरून नेमलेल्या माणसाकडे जाते, याचे वैषम्य वाटणे स्वाभाविक होते. यदुनाथांना वाटे की, मिळेल तो कागद छापणे म्हणजे संशोधन नव्हे. त्यास पारख व निवड पाहिजे. मंडळास वाटे की, निवड करणाऱ्याची दृष्टी आज आहे ती उद्या चुकीची ठरू शकते, म्हणून कागद आहे तसा आधी बाहेर आला पाहिजे. दोन्ही म्हणण्यांत अर्थ आहे, आणि हा वाद आजही मिटलेला नाही.

परंतु या वादाची हकीकत आपल्यापुढे येते ती मुख्यत्वे एका पक्षाच्या खासगी पत्रांतून. पुण्याची मंडळी या ग्रंथात वावरतात ती यदुनाथांना आणि रियासतकारांना जशी दिसली तशी. मित्राने मित्रास खासगीत लिहिलेल्या पत्रात प्रतिपक्षाविषयी जो उद्वेग, जी थट्टा आणि क्वचित जो अन्यायही असतो, तो येथे पुरावा होऊन बसतो. ग्रंथकाराने पक्षपात केला, असा आमचा आक्षेप नाही. उलट त्यांनी यदुनाथांच्या मर्यादाही दाखविल्या आहेत. आक्षेप आहे तो पुराव्याच्या स्वरूपावर. ज्या पक्षाचे दप्तर लागले, जपले गेले व खुले झाले, त्या पक्षाच्या तोंडून इतिहास बोलतो. हा दोष लिहिणाऱ्याचा कमी आणि राखणाऱ्यांचा अधिक आहे.

संस्कृत शास्त्रग्रंथांशी परिचय असलेल्यांस ही स्थिती नवी नाही. आपल्याकडे सिद्धांत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची रीत आहे आणि ती मोठी प्रामाणिक रीत आहे. तरीही ज्या मताचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले, त्याचे काय होते हे चार्वाकमतावरून दिसते. लोकायतिकांचे म्हणणे आज आपणास जे कळते ते बहुतांशी त्यांचे खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. खंडन करणारा कितीही सरळ असला तरी तो प्रतिपक्षाचे तेवढेच म्हणणे उद्धृत करतो की ज्यास त्याच्यापाशी उत्तर आहे. सर्वदर्शनसंग्रहात माधवाचार्यांनी चार्वाकास पहिला मान दिला, पण तो पहिल्या पायरीचा मान होता. वर चढण्यासाठी ती पायरी ओलांडावयाचीच होती. पुण्याच्या मंडळाची स्थिती अशी होऊ नये, असे ज्यास वाटत असेल त्याने मंडळींच्या कागदांकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

धर्मशास्त्रकारांनी व्यवहारात तीन मानुष प्रमाणे सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. यांतील साक्षी काळाबरोबर जातात. भुक्ती म्हणजे वहिवाट. संशोधनात तिचे रूप म्हणजे कानोकानी चालत आलेली कीर्ती व अपकीर्ती. अमका मोठा विद्वान होता, तमक्याने काही लिहिलेच नाही, हे बोलणे वहिवाटीसारखे रूढ होते आणि त्यास आधार विचारण्याचे कोणास सुचत नाही. उरते ते लिखित. ते एकाच पक्षाचे असेल, तर न्यायाधीश कितीही निःस्पृह असो, निकाल एकतर्फीच होणार.

हे ज्या गृहस्थांच्या बाबतीत सर्वांत अधिक लागू पडते ते म्हणजे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार. त्यांचा जन्म ५ ऑगस्ट १८९० रोजी महाड तालुक्यातील बिरवाडी येथे झाला आणि ६ ऑक्टोबर १९७९ रोजी ते निवर्तले. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याने महाराष्ट्राच्या इतिहास-संशोधनास दिलेली ही दुसरी मोठी देणगी; पहिली स्वतः राजवाडे, ज्यांचे गाव पेण तालुक्यातील वरसई. राजवाडे यांच्या प्रेरणेने १९१० साली पुण्यास मंडळ स्थापन झाले, परंतु राजवाडे एका ठिकाणी टिकणारे गृहस्थ नव्हते. मंडळ उभे राहिले, वाढले, त्याच्या सभा, संमेलने, वृत्ते व ग्रंथमाला नियमित चालल्या, याचे श्रेय ज्या थोड्या लोकांस आहे त्यांत दीर्घकाळ चिटणीस राहिलेल्या पोतदारांचे नाव अग्रभागी येते. पेशवे दप्तराच्या वादात ते त्या दुसऱ्या बाजूचे प्रमुख प्रतिनिधी होते, हे ओघानेच आले.

पोतदारांवरचा रूढ आक्षेप सर्वश्रुत आहे. एवढ्या व्यासंगाच्या मानाने त्यांनी लिहिले थोडे. १९२२ साली प्रसिद्ध झालेला ‘मराठी गद्याचा इंग्रजी अवतार’ हा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांस टाळता येत नाही. पण त्याच्या जोडीला तसे दुसरे पुस्तक दाखवा म्हटले तर आढेवेढे घ्यावे लागतात. त्यांनी १९३९ साली नगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, असंख्य संस्थांची धुरा वाहिली, सभा गाजविल्या; परंतु राज्य शासनाने मोठ्या अपेक्षेने त्यांच्याकडे सोपविलेले शिवछत्रपतींचे चरित्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. या न लिहिलेल्या ग्रंथाने त्यांच्या लिहिलेल्या ग्रंथांवर सावली पाडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

न लिहिल्याबद्दल दोष देणे सोपे आहे, आणि तो दोष अगदीच निराधार आहे असेही नाही. लोकांनी व शासनाने विश्वास टाकला असता तो ग्रंथरूपाने फेडला गेला नाही, ही गोष्ट कोणत्याही दप्तराने पुसली जाणार नाही. परंतु टीकाकाराचे काम दोष उच्चारून संपत नाही. ग्रंथ का झाला नाही, याची निरनिराळी उत्तरे संभवतात. साधनांविषयी समाधान होईना म्हणून झाला नाही काय? सभा-संस्थांनी वेळ खाल्ला म्हणून? एखाद्या कूट प्रश्नावर, उदाहरणार्थ जन्मतिथी किंवा राज्याभिषेक, मत बनविणे अवघड गेले म्हणून? की लेखणीपेक्षा वाणीकडे ओढा होता म्हणून? यांपैकी प्रत्येक उत्तराने मनुष्य निराळा ठरतो. पहिले खरे असेल तर तो अतिसावध संशोधक. दुसरे खरे असेल तर त्याने स्वतःचा ग्रंथ इतरांच्या ग्रंथांवर ओवाळून टाकला. शेवटचे खरे असेल तर आक्षेपकांचे म्हणणे मान्य करणे भाग आहे. निर्णय खर्डे, टिपणे व पत्रे समोर ठेवूनच होऊ शकतो. वहिवाटीने चालत आलेल्या शेऱ्यावरून तो होत नाही.

असाच प्रश्न अमेरिकेत उद्भवला होता, आणि तो कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर (१८६१-१९३२) हे त्या देशाच्या इतिहासाचे अत्यंत प्रभावी प्राध्यापक. १८९३ साली त्यांनी शिकागो येथे एक निबंध वाचला. अमेरिकेच्या समाजाची घडण पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतीच्या सीमेने केली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या एका निबंधाने पुढील दोन पिढ्यांचे संशोधन वेधून टाकले. पण हयातीत त्यांच्या नावावर पुस्तके दोनच: एक १९०६ चे, आणि दुसरे १९२० चे, तेही निबंधांचा संग्रह. प्रकाशकांशी करार होत, तारखा जात, पुस्तक येत नसे. ज्या मोठ्या ग्रंथावर ते आयुष्याच्या उत्तरार्धात खपले, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ साली इतरांनी छापला. त्यांच्या निबंधांचा दुसरा संग्रह मृत्यूच्याच वर्षी निघाला व त्यास १९३३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्या पोतदारांप्रमाणेच टर्नर यांच्याविषयीही, एवढा मोठा पंडित आणि एवढे थोडे लेखन, हे वाक्य तेथे रूढ झाले होते.

फरक पुढे पडला. हार्वर्ड विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर टर्नर कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात संशोधक म्हणून गेले आणि त्यांचे सर्व कागद तेथेच राहिले: पत्रव्यवहार, वर्गातील व्याख्यानांची टिपणे, कात्रणे, नकाशे, चिठ्ठ्यांनी भरलेले खण, पुनःपुन्हा खोडलेले खर्डे. रे ॲलन बिलिंग्टन यांनी त्या कागदांत वर्षानुवर्षे बसून १९७३ साली टर्नर यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यात टर्नर यांचा दोष लपविलेला नाही. परंतु विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर, पत्रांतून दिलेल्या सल्ल्यांवर आणि नव्या पुराव्याच्या मागे धावण्यावर त्यांचा काळ कसा खर्च झाला, हे पानोपानी दिसते. न लिहिणे म्हणजे काम न करणे नव्हे, हे दप्तराने दाखविले; आणि काही बाबतींत ते केवळ दिरंगाईचे फळ होते, हेही त्याच दप्तराने दाखविले. दप्तर वकिली करीत नाही. म्हणूनच त्यास मान.

अमेरिकेतील विद्यापीठांत निवृत्त अथवा दिवंगत प्राध्यापकाचे कागद ग्रंथालयाने मागून घेण्याचा प्रघात आहे. ते पेट्यांत भरले जातात. पत्रव्यवहार, अध्यापन, लेखन, संस्थांचे काम, कौटुंबिक कागद असे त्यांचे वर्ग पाडतात. आरंभी त्या मनुष्याचा अल्पपरिचय, मग कागद कोठून कसे आले त्याची हकीकत, मग पेटीवार यादी. दोन नियम तेथे कटाक्षाने पाळतात. एक, एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळावयाचे नाहीत. दोन, मालकाने जो क्रम ठेवला असेल तो अर्थपूर्ण असल्यास मोडावयाचा नाही. आपल्या जुन्या दप्तरखान्यांस हे नियम अपरिचित नव्हते. रुमाल ज्या खात्याचा त्या खात्यातच बांधला जाई. आपण तो नियम पेशव्यांच्या कागदांस लावतो आणि आपल्या गुरुजनांच्या कागदांस लावीत नाही, एवढेच.

आपल्याकडे याचे उदाहरणच नाही असे मात्र नव्हे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. त्यांच्या चाहत्यांनी दुसऱ्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापून त्यांचा संग्रह व टाचणे सांभाळली. त्यांच्या शिल्लक सामग्रीतून १९३७ साली धातुकोश आणि १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश, हे दोन ग्रंथ कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाने बाहेर आले. धुळेकरांनी त्या टाचणांची पेटी रद्दीत घातली असती, तर मराठी भाषेच्या अभ्यासातून एक संपूर्ण दालन नाहीसे झाले असते आणि ते नाहीसे झाले हे कोणास कळलेही नसते.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. संशोधकाचे टाचण म्हणजे त्याचा सिद्धांत नव्हे. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्त्या नंतरच्या भाषाशास्त्रज्ञांनी नाकारल्या आहेत. यांपैकी किती त्यांनी पक्क्या म्हणून लिहिल्या आणि किती पुन्हा पाहण्यासाठी टिपून ठेवल्या, हे छापील कोशावरून सहसा ठरविता येत नाही. ते मूळ चिठ्ठीवरच्या खुणा, खाडाखोड व शाई पाहून कळण्याचा संभव असतो. हस्तलिखितांच्या संग्राहकांस समासातील टीप कालांतराने मूळ श्लोकात कशी घुसते हे ठाऊक आहे. संशोधकाच्या दप्तरातही तोच धोका आहे. म्हणून छापून झाले की मूळ चिठ्ठ्यांचे काम संपले, असे समजू नये. छापलेला ग्रंथ संपादकाचा असतो. मूळ टाचण लेखकाचे.

या मागणीवर तीन आक्षेप येतील. पहिला, खासगी पत्रे चव्हाट्यावर आणणे अप्रशस्त आहे. आक्षेप योग्य आहे. पण त्याचे उत्तर कागद जाळणे हे नसून काही काळ बंद ठेवणे हे आहे. ज्यांची नावे पत्रांत येतात ती माणसे हयात असेतो तेवढी पत्रे मोहोरबंद ठेवावी व तशी नोंद यादीत करावी. दुसरा आक्षेप, यातून व्यक्तिपूजा वाढेल. चष्मा, काठी, दौत-लेखणी यांची प्रदर्शने भरतील. हे भय खरे आहे. चष्मा-काठी ज्यांस ठेवावयाची त्यांनी ठेवावी. संशोधनमंडळाने यादी करावयाची ती कागदांची, आणि ज्या पत्रांत त्या थोर पुरुषाचा राग, चूक किंवा मत्सर दिसतो तीही त्यातून वगळू नयेत. पूजकाच्या हाती पडलेले दप्तर शत्रूच्या हाती पडलेल्या दप्तराइतकेच धोक्यात असते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: सतराव्या-अठराव्या शतकांतील मोडी कागद अजून वाचावयाचे पडले असता कालपरवाच्या कागदांवर श्रम का घालावे? त्यास उत्तर असे की, ते जुने कागद कोणत्या घरात, कोणत्या रुमालात, कोणाच्या ओळखीने मिळाले, मूळ पाहिले की नक्कल, ही माहिती छापील खंडांत पुष्कळ वेळा त्रोटक असते. ती सापडली तर संशोधकाच्या पत्रांत व प्रवासाच्या टिपणांतच सापडेल. संशोधकाचे दप्तर हा जुन्या दप्तराचाच एक अवयव आहे. तो तोडला तर जुन्या कागदाचे कूळ तुटते.

या सर्व विवेचनाचा महाड-पोलादपूरच्या वाचकांशी विशेष संबंध आहे, तो केवळ बिरवाडी त्या मुलखात आहे म्हणून नव्हे. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरास आहे. त्यांच्या काव्याची पोथी मात्र मिळाली ती तंजावरास, तीवरून स. म. दिवेकरांनी १९२७ साली ते प्रसिद्ध केले. बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच ते काव्य थांबते. जेथे कवीची समाधी तेथे पोथी नाही, आणि जेथे कवीचा देह कधी विसावला नाही तेथे ती जपली गेली. कागद आपल्या मायभूमीत राहतो असे नाही. ज्याने जपला त्याच्याकडे राहतो.

आणि या मुलखात जपणे सोपे नाही. सावित्री व गांधारी यांच्या पुरांनी महाडची बाजारपेठ कितीदा तरी पाण्याखाली नेली आहे. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई आदी गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव दरडीखाली गेले, त्याच पुरात महाड शहर बुडाले आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे घेतली. जेथे माणसे वाचविणे कठीण, तेथे कागदांचा शोक कोण करणार? परंतु म्हणूनच कागद पुराच्या आधी हलविले पाहिजेत, त्यांच्या छाया-नकला दुसऱ्या गावी ठेविल्या पाहिजेत. जुन्या पिढीस वाळवीची व कसरीची धास्ती असे. आपणांस त्यांच्या जोडीला पाण्याची धरावी लागेल.

दोन्ही पक्षांचे लिखित राहिल्याने काय साधते, याचे उदाहरणही महाडनेच दिले आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला व त्यानंतर तळ्याविषयी दिवाणी दावा लागला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांस पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादि आहे, असे वादींचे म्हणणे होते. हा भुक्तीचाच पुरावा होय. न्यायालयापुढे दोन्ही बाजूंचे कागद व साक्षी आल्या. आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तळे नगरपालिकेचे असल्याचे व तशी अनादि वहिवाट शाबीत न झाल्याचे ठरवून डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्या बाजूने निकाल दिला. जी गोष्ट गावात सर्वांस ठाऊक आहे असे समजले जात होते, ती पुराव्यापुढे टिकली नाही. चळवळीत पडलेल्या आणि तिला विरोध केलेल्या, अशा दोन्ही बाजूंच्या कुटुंबांत त्या दहा वर्षांचे जे पत्र, पावती, हस्तपत्रक, हिशेबाची वही निघेल, ती पेशवाईतील सनदेइतकीच मोलाची आहे. ती जमविताना बाजू पाहू नये.

आता करावयाचे काय, ते संक्षेपाने सांगतो. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्यास लिहिले त्याच्याकडे राहते. तेव्हा पोतदारांची पत्रे एका ठिकाणी शोधून पुरणार नाही. महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेर ज्यांच्याशी त्यांचा व्यवहार होता त्यांच्या वारसांकडे ती विखुरलेली असणार. अशा पत्रांची, ज्याच्या घरी आहेत तेथेच राहू देऊन, एक सामाईक नोंदवही व्हावी: तारीख, कोणी कोणास, विषय, सध्या कोठे. पत्र पाकिटातून काढून पाकीट फेकू नये; पुष्कळदा तारीख टपालाच्या शिक्क्यावरच असते. खर्डे, टाचणे व कात्रणे विषयवार लावण्याच्या उत्साहात मूळ गठ्ठे मोडू नयेत. मोडावेच लागले तर आधी क्रम लिहून ठेवावा. पुस्तकाच्या समासातील टिपा हेही दप्तरच आहे. म्हणून विद्वानाचा ग्रंथसंग्रह विकावयाचा झाला तर निदान टिपा असलेली पुस्तके वेगळी काढावी. आणि ज्यांचे कागद, त्यांच्या विरोधकांचे कागदही त्याच आस्थेने मागावे.

चक्रवर्तींच्या ग्रंथास उत्तर म्हणून कोणी रागाने दुसरा ग्रंथ लिहिला तर त्याचा उपयोग नाही. उत्तर द्यावयाचे तर ते यादीने द्यावे. पुण्याच्या मंडळींनी यदुनाथांविषयी खासगीत काय लिहिले, ४५ भागांतील निवडीवर त्यांचे आक्षेप कोणते होते व त्यांपैकी कोणते आज खरे ठरतात, बिरवाडीच्या या पंडिताने कोणाकोणास कोणते कागद पुरविले आणि त्याचे शिवचरित्र कोणत्या प्रकरणापाशी थांबले, या प्रश्नांची उत्तरे जेव्हा मूळ कागदांवरून देता येतील, तेव्हा जो निकाल लागेल तो मंडळाच्या विरुद्ध गेला तरी आम्ही तो मान्य करू. दुसऱ्या पक्षाचे दप्तर न पाहता लागलेला निकाल मात्र, तो कितीही सुंदर इंग्रजीत लिहिलेला असो, कच्चाच समजला पाहिजे.